थंडीबाईचा निरोपसमारंभ

प्रिय धाकट्या,

हाताने लिहिलेलं पत्र बघून तुला धसका बसेल. बाबांना काही झालं की काय, असं वाटेल. मला काही झालेलं नाही. म्हणजे उजव्या कानात सारखं कुणीतरी कुजबुजतंय असं वाटतं, आणि परवापासून डावा गुडघा वळत नाही, पण ते सोड. फोन केला असता, पण फोनवर तू मला हं हं म्हणतोस आणि मागे दुसऱ्याच कुणाशी बोलत असतोस. मग मी गडबडतो, मुद्द्याचं राहून जातं, माझा आवाज चढतो, आणि तू म्हणतोस, बाबा, बीपी. की संपलं बोलणं. कागदावर माझं बीपी कुणाला दिसत नाही. सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाचं अक्षर आहे, चालवून घे.

गेल्या गुरुवारी तू आलास. ताई कामावर असणार हे बघूनच आलास. पेअरची पेटी आणलीस, परक्याच्या घरी न्यावी तशी. खुर्चीच्या काठावर टेकलास, चहा अर्धा ठेवलास. मग म्हणालास, येत्या शनिवारी कोल्ड स्टोरेजच्या आवारात छोटासा कार्यक्रम आहे, नवे मालक येणार आहेत, त्यांच्या हस्ते ताईला सन्मानाने निरोप द्यायचा. तिला आधी काही बोलायचं नाही. ऐनवेळी सगळ्यांसमोर सांगितलं की ती हो-नाही करत बसणार नाही. आणि मी स्टेजवर उठून दोन शब्द बोलायचे, की पोरी, आजाराशी खूप झुंजलीस, आता घरी बस, आराम कर. "तुमचं ती ऐकेल, बाबा. इतकी वर्षं तुम्हीच तर म्हणत होतात हिने घरी बसावं म्हणून," असं म्हणालास. मी बरं म्हणालो. मला कुणी काही सांगितलं की मी आधी बरं म्हणतो आणि नंतर घाबरायला बसतो, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. त्याच भरवशावर तू आला होतास.

म्हणत होतो, खरं आहे. पण तुला त्यातलं अर्धंच माहीत आहे. हे सगळं सुरू झालं तेव्हा तू बाहेरगावी कॉलेजात होतास, आणि तुझा अभ्यास मोडू नये म्हणून तुझी आई तुला फोनवर सगळं छान आहे असंच सांगायची. छान काय होतं? चोवीस वर्षांची पोरगी चालता चालता पायातली चप्पल मागे टाकून यायची आणि तिला पत्ता नसायचा. हातातला कप पडायचा. तुझी आई म्हणायची, लक्ष कुठं असतं हिचं. मग एका सकाळी एका डोळ्याने सगळं धुरकट दिसायला लागलं, आणि मग दवाखाने, मशिनीत घालून काढलेले डोक्याचे फोटो, आणि शेवटी त्या डॉक्टरीणबाई. मल्टिपल स्क्लेरोसिस. मला ते नाव धड म्हणता येईना, म्हणून त्यांनी समजावून दिलं, की वायरीवरचं प्लॅस्टिक उंदरांनी जागोजागी कुरतडलं तर करंट जसा मध्येच गळतो, तसं हिच्या मज्जातंतूंचं झालंय, आणि हे काम शरीर स्वतःच करतंय, उंदीर घरचेच आहेत. मी विचारलं, पुढे काय. त्या म्हणाल्या, नक्की सांगता येत नाही. काहींना लवकर चाकाची खुर्ची लागते, काही जण पुष्कळ वर्षं हिंडतात-फिरतात, काम करतात. माझ्यासारख्या माणसाला याच्याइतकं वाईट उत्तर नाही. वाईट सांगा, पण नक्की सांगा. नक्की सांगता येत नाही म्हटल्यावर मी रोज सकाळी उठून आज खुर्ची लागते का ते बघायला लागलो. अजून बघतो. ती त्रेपन्न वर्षांची झाली आणि मी अजून बघतो.

आमच्या प्रेमाने तिचं काय केलं तेही ऐक. हातपाय बधिर होतात म्हणजे गारठा धरलाय, असं तुझ्या आईच्या डोक्यात बसलं. डॉक्टरांनी काही सांगो. रोज कढत पाण्याने अंघोळ, मग शेकाची पिशवी, मग लोकरीचे मोजे, खिडक्या बंद. मी सुद्धा पाणी तापवायचो, बादल्या भरायचो. आणि अंघोळ करून आली की पोरगी पलंगावर ओल्या कपड्यासारखी पडायची. पाय उचलेना, डोळ्यापुढे धूर. आम्ही एकमेकांकडे बघायचो आणि म्हणायचो, वाढतंय, आजार वाढतोय. दुसऱ्या दिवशी पाणी आणखी कढत. तिने नको म्हटलं की तुझी आई रडायची, आणि आई रडली की ती मुकाट्याने बसायची पाण्यात. पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, अंघोळ कशी करता. आम्ही अभिमानाने सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. अहो, ऊब हिची वैरीण आहे, म्हणाल्या. आजार वाढवत नाही, पण तेवढ्यापुरती ताकद काढून घेते. तरी तुझ्या आईला पटलं नाही. गारव्याने कुणाचं भलं झालंय का कधी, म्हणायची.

पटवलं ते आपल्या कोल्ड स्टोरेजच्या गोदामाने. तू तिथला मॅनेजर आहेस आता, पण तेव्हा मी तिथे मुकादम होतो, पोतीवाल्यांवर ओरडणारा. ऐन उन्हाळ्यात माझा डबा घरी राहिला. तुझ्या आईला ताप होता, म्हणून ताई डबा घेऊन आली, भिंतीला धरत धरत, दर चार पावलांवर थांबत. मला बघूनच घाम फुटला. आम्ही बटाट्याच्या चेंबरमध्ये माल लावत होतो आणि ही बया सरळ आत. मी ओरडलो, बाहेर हो, गारठून मरशील. ती पोत्यावर बसली ती हलेना. मी शाल शोधतोय, शिव्या घालतोय, पोरं हसतायत. थोड्या वेळाने ती उठली आणि भिंत न धरता चेंबरच्या दुसऱ्या टोकाला चालत गेली. तिथून म्हणाली, "बाबा, पाय परत आले." बास, एवढंच म्हणाली. मी डबा उघडला नाही त्या दिवशी. जेवण जाणार कसं?

म्हाताऱ्या मालकांना तिने स्वतः जाऊन विचारलं. मी विचारलं नाही, मी तर नको नको म्हणत मागे फिरत होतो. मालक म्हणाले, टेबलाचं काम देतो. ही म्हणाली, टेबल बाहेर आहे, मला आत पाहिजे. मालक हसले. चेंबरची पाहणी दिली, कुठला माल कुठं लावायचा, कुठला आधी काढायचा, तापमान, दारं, ट्रक. फार वेळ आत राहिली की पाय ताठ व्हायचे, म्हणून तिने आतबाहेर करायची तिची पद्धत बसवली. आणि दुपारी जेवणानंतर जुन्या पावत्यांच्या खोलीतल्या बाकावर झोप. ती झोप तिने पहिल्या दिवशीच मागून घेतली होती. थकवा आला की मी माणसात नसते, म्हणाली, तेवढी झोप द्या, बाकीचा दिवस तुमचा. ट्रकवाले पहिल्यांदा कुरकुरले. मग त्यांनीच तिचं नाव थंडीबाई ठेवलं आणि नवा कुणी हॉर्न वाजवायला लागला की तेच दटावायचे, ए, थंडीबाई झोपलीय, तुझे बटाटे काय पळून चाललेत का.

तुझ्या त्या सन्मानपत्रात यातलं काय लिहिलंय? गुरुवारी तू मला वाचून दाखवलंस. असाध्य आजारावर जिद्दीने मात करणारी. मात कुठे केलीय तिने? आजार आहे तिथेच आहे. मध्ये दोनदा पाय गेले, महिनोन् महिने घरी होती, परत आली. काठी आली. इंजेक्शनं स्वतःच्या हाताने टोचली, आता दवाखान्यात जाऊन सलाईनमधून औषध घेऊन येते, आणि येताना माझ्यासाठी कानाचे थेंब आणते. मात वगैरे काही नाही. शेजाऱ्याशी पटत नसताना एकाच भिंतीला राहतात तसं राहतेय. आणि आजाराचं एवढं लिहिलंस, कामाचा एक शब्द नाही. अठ्ठावीस वर्षं बाई तिथं काय करत होती? नुसती आजारी होती?

गाजरांचं तरी लिहायचं होतंस. तू तेव्हा अजून इथे लागला नव्हतास. एका चेंबरचं मशीन बंद पडलं म्हणून तिने गाजरांची अख्खी खेप सफरचंदांच्या चेंबरमध्ये लावून टाकली आणि तशीच राहू दिली. सफरचंदातून कसला वायू सुटतो, त्याने गाजरं कडू होतात. सगळी खेप कडू. कुणी तोंडात धरेना. माल ज्याचा होता तो आवारात येऊन नाचला. मालक सज्जन माणूस, मध्ये पडले, म्हणाले, जाऊ द्या हो, आजारी मुलगी आहे, डोक्यावर परिणाम होत असेल. मी पण मान हलवली, म्हटलं सुटलो. तर ही काठी आपटत पुढे आली आणि मालकांना म्हणाली, "चूक माझी आहे, आजाराची नाही. मला माहीत असायला हवं होतं, नव्हतं. मला शिव्या घाला, पण माझ्या चुका तरी माझ्या नावावर राहू द्या." मालकांनी मग खरंच शिव्या घातल्या, मनसोक्त. त्या संध्याकाळी ती घरी गुणगुणत आली. मला काही कळेना. मी बापडा काळजी करत बसलो की नोकरी गेली.

लग्नाचं तुला माहीत आहे. आजाराचं कळल्यावर मुलाकडच्यांनी मोडलं, तुझी आई पंधरवडा पदर डोळ्याला लावून होती. ती मात्र म्हणाली, बरं झालं, तो मुलगा बोलताना दर वाक्याला घसा खाकरत होता. नंतरही एक-दोन स्थळं आली, दया दाखवून मोठी होणारी माणसं असतात ना तशी, आम्ही हिला पदरात घेतो म्हणणारी. त्यांना तिने चहा पाजून वाटेला लावलं. मला तेव्हा राग आला होता. आता नाही येत. आता तिचं बघतो. सकाळी तलावात पोहायला जाते, गार पाणी तिला मानवतं, पाण्यात काठी लागत नाही. रविवारी तिच्या मैत्रिणी पत्ते खेळायला येतात, ती उघड उघड लबाडी करते आणि पकडली की बधिर बोटांवर ढकलते, पान चुकून सुटलं गं. सुट्टीत बायाबायांचं टोळकं घेऊन समुद्र बघून आली, नाकाची सालं निघाली होती. तुझी आई गेल्यापासून मी तिच्या घरात राहतो, ती माझ्या नाही. हे लोक उलटं समजतात. मला रस्त्यात थांबवून विचारतात, मुलगी कशी आहे हो बिचारी. मी पूर्वी सुस्कारा सोडायचो. हल्ली म्हणतो, बिचारी कामाला गेलीय, तुमचा मुलगा उठला का?

तू म्हणशील, बाबा, हे सगळं मला माहीत आहे, मी तिच्या भल्यासाठीच करतोय. चेंबरमध्ये फरशी ओली असते, काठी घसरली, पडली, तर जबाबदार कोण. गुरुवारी हे तू दोनदा म्हणालास. जबाबदारीचं मला सांगू नकोस, त्या फरशीवर मी स्वतः दोन वेळा आडवा झालोय, दोन्ही पाय धड असताना. मला निरोप कुणी दिला नाही. आणि भल्याचं म्हणशील तर, बाळा, काळजी म्हणजे काय हे मला तू शिकवणार? घरात ते खातं माझ्याकडे आहे. काळजी करणारा माणूस समोरच्याच्या डोळ्यात डोळे घालून त्रास देतो. मी तिला आयुष्यभर दिला. तसा माणूस तिच्या माघारी पेअरची पेटी घेऊन येत नाही.

आता जे गुरुवारी बोललो नाही ते लिहितो. नवे मालक पहिल्यांदा गोदाम बघायला आले, त्या दिवशी तू त्यांना घेऊन सगळ्या चेंबरपाशी फिरलास. ताई सफरचंदांच्या चेंबरच्या दाराशी उभी होती, काठी टेकून, ट्रकवाल्याशी भांडत. त्यांनी विचारलं, या कोण. तू म्हणालास, "जुनी बाई आहे इथली. आजारी असते. सहानुभूती म्हणून ठेवलीय." आताचा मुकादम, जो माझ्या हाताखाली पोती उचलायला आला होता, तो तिथेच होता. त्याने मला हे सांगितलं तेव्हा तो माझ्याकडे बघत नव्हता, भिंतीकडे बघत होता. एवढा दांडगा गडी, त्याला लाज वाटत होती. मी त्याला म्हटलं, तू ऐकण्यात चुकला असशील. तो म्हणाला, असेल.

तुला हाताला धरून शाळेत कोण न्यायचं ते मी लिहिणार नाही. तसलं लिहिलं की पत्र रडकं होतं. मला फक्त एवढंच कळत नाही, की तीन शब्द होते, माझी सख्खी बहीण. ते तोंडातून न निघायला अडचण काय होती? ते सुटाबुटातले लोक तुला काय म्हणणार होते? मी आठवडाभर डोकं फोडून विचार केला. माझी ताई असली तर तिला काढता येणार नाही, जुनी बाई असली तर काढता येते, एवढंच मला सुचलं. यापेक्षा चांगलं कारण असेल तर मला सांग, मी आनंदाने मूर्ख ठरतो. गुरुवारी तू खुर्चीच्या काठावर बसला होतास तेव्हा मला हे माहीत होतं. मी वाट बघत होतो, आता सांगेल, आता सांगेल. तू पेटीतलं एक पेअर काढून दाबून बघितलंस आणि म्हणालास, अजून दोन दिवस लागतील पिकायला.

म्हणून काल सकाळी मी तिला सगळं सांगितलं. तू तोंड बंद ठेवायला सांगितलं होतंस, नाही ठेवलं. ती बुटाची नाडी बांधत होती. बोटांना नाडी कळत नाही, त्यामुळे तिला वेळ लागतो आणि मदत केलेली खपत नाही. कार्यक्रमाचं ऐकून म्हणाली, खायला काय ठेवलंय. मग म्हणाली, माझ्या नोकरीची पाच वर्षं बाकी आहेत, मी राजीनाम्यावर सही-बिही काही करणार नाही, सोमवारी चेंबर उघडायला मीच असेन. मी अडखळत अडखळत ते दुसरंही सांगितलं, जुनी बाई. तर म्हणाली, "ऐकलंय मी. दाराशीच होते ना. डोळा गेला होता बाबा माझा, कान नाही." मी म्हटलं, मग मला बोलली का नाहीस. म्हणाली, तुम्ही काळजी करत बसला असता. आणि नाडीला गाठ मारत म्हणाली, तो घाईत बोलून गेला असेल, त्याला टोचू नका. मग काठी घेऊन कामाला गेली. तुझीच बाजू घेऊन गेली, कळलं का? मला तिचा इतका राग आला की मी दुपारी जेवलो नाही.

हे पत्र उद्या मुकादमाच्या हाती पाठवतोय, म्हणजे शनिवारच्या आधी तुला दोन दिवस मिळतील. मी कार्यक्रमाला येणार आहे. ताईही येणार आहे, भावाने कार्यक्रम ठेवलाय म्हणून. तू माझ्या हाती माइक देशील. मी म्हातारा आहे, भित्रा आहे, पण ते एक वाक्य मी पाठ केलंय, आरशासमोर उभं राहून म्हणून बघितलंय. ही माझी मुलगी, तुमचा मॅनेजर माझा मुलगा, आणि ही दोघं एका आईची लेकरं आहेत. एवढं म्हणून मी खाली बसणार. नव्या मालकांच्या चेहऱ्याचं काय होईल, तुझ्या नोकरीचं काय होईल, याची काळजी मी आत्तापासून करतोय, रात्रभर केलीय, पण म्हणणार आहे. माझ्या तोंडून ते तिथे ऐकलंस तर तू कायमचा लहान होशील, आणि ते मला बघवणार नाही. म्हणून हे लिहिलं. दोन दिवस आहेत. नव्या मालकांना फोन कर, नाहीतर सरळ त्यांच्यासमोर जा, आणि ते तीन शब्द तू आधी म्हण. मग मी शनिवारी माइक घेऊन नुसता नमस्कार करीन आणि भाषण विसरलो असं सांगीन. विसरभोळा म्हातारा म्हणून हसू देत लोकांना. मला चालेल.

तुझाच, रागावलेला असला तरी तुझाच,
बाबा